ओबामाकेअर एका मताने वाचलं, पण मतपेटीत किंमत कोणी मोजली?

सुरंगी (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेचा आहे, भांडण मात्र आमच्या घरातलं.

धाकटा दीर न्यू जर्सीत असतो. गेल्या गणपतीत आला होता. रात्री भजनी मंडळ यायचं होतं, आत उसळीचं पातेलं गॅसवर, आणि बाहेर ओटीवर दीर आणि सासरे यांची जुंपली. दीर म्हणतो, २०१७ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा ओबामाकेअर, म्हणजे ओबामांनी आणलेला आरोग्यविम्याचा कायदा, रद्द करायचा डाव फसला खरा, पण त्याने कोणाचं काही बिघडलं नाही, लोक चार महिन्यांत विसरले. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. त्यांचं म्हणणं, सात वर्षं एकच घोषणा देऊन सत्ता घेतली आणि तीच पुरी झाली नाही, तर पक्षाचं बिघडल्याशिवाय राहील कसं? तेवढ्यात भजनवाले आले आणि विषय राहिला.

मला एवढंच कळत नाही. राष्ट्राध्यक्ष त्यांचा, दोन्ही सभागृहांत (वरचं सिनेट, खालचं प्रतिनिधीगृह) बहुमत त्यांचं, मग घोडं अडलं कुठे? आणि अडल्यावर निवडणुकीत नेमकं कोण पडलं? नेटवर शोधलं तर एकतर ट्रंपची आरती नाहीतर शिमगा. कोणी नीट सांगेल का? राजकीय शिव्या नकोत, प्लीज.

बांद्याचो गाववालो

वहिनी, माका एक कळत नाय. व्हिप काढलो नाय काय त्यांनी? आमच्या हयसर व्हिप मोडलो तर आमदारकी जाता. सिनेटात त्यांचीच तीन माणसां उलटी गेली आणि पक्ष नुसतो बघीत रवलो?

पॉलिसीवाले अण्णा (कणकवली)

सुरंगीताई, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी आरोग्यविम्याचा धंदा करतो, कणकवली बाजारात बसतो, म्हणून या विषयात मला जरा जास्तच रस.

आधी निकाल सांगून टाकतो. सासऱ्यांचं बरोबर आहे, फक्त कारण उलटं आहे. घोषणा पुरी झाली नाही म्हणून रिपब्लिकन पडले नाहीत, पुरी करायला निघाले म्हणून पडले.

आता गाववाल्यांचा व्हिप. आपल्याकडे १९८५ पासून दहावं परिशिष्ट आहे, पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. (महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत त्या परिशिष्टाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तो धागा वेगळा काढा.) अमेरिकेत व्हिप नावाचा माणूस असतो, पण त्याचं काम मनधरणीचं. मत कसंही दिलं तरी खुर्ची जात नाही. पक्ष फार तर पुढच्या वेळी पक्षांतर्गत निवडणुकीत दुसरा उमेदवार उभा करायला बघतो.

आणि त्या तिघांकडे बघा. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरल्या होत्या. मतपत्रिकेवर नाव छापलेलं नाही, तरी लोकांनी हाताने नाव लिहून त्यांना निवडून दिलं. अशा बाईला पक्ष काय भीती घालणार? मेनच्या सुझन कॉलिन्स ज्या राज्यातून येतात तिथे म्हातारी माणसं जास्त, खेडी जास्त. मतदानानंतर त्या बँगोरच्या विमानतळावर उतरल्या तर तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरे जॉन मॅकेन. त्याच महिन्यात मेंदूच्या कर्करोगाचं निदान झालेलं, शस्त्रक्रिया करून मतदानाला आलेले. त्यांना पुढची निवडणूक लढवायचीच नव्हती.

ते मतदान २८ जुलै २०१७ चं. वॉशिंग्टनला मध्यरात्र उलटून दीड वाजलेला, आपल्याकडे शुक्रवारची सकाळ, अकराच्या सुमारास. मॅकेन पुढे आले, हात लांब केला आणि अंगठा खाली. ४९ विरुद्ध ५१.

पण "एका मताने वाचलं" हे अर्धंच खरं. त्याच आठवड्यात सिनेटमध्ये आणखी दोन प्रस्ताव पडले होते आणि ते चांगले आपटले होते. पर्यायासकट रद्द करण्याचा ४३-५७ ने पडला. आधी रद्द करू, पर्याय दोन वर्षांत बघू, हा ४५-५५ ने. तो दुसरा प्रस्ताव म्हणजे मृगाच्या तोंडावर घराची कौलं उतरवायची आणि नवी कुठून आणायची ते पावसात बघू म्हणायचं. शेवटी उरलं ते हडकुळं, मोजकीच कलमं काढणारं विधेयक, जे एका मताने पडलं. त्यांच्याकडे ५२ जण होते, दोन फुटले असते तर उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांच्या मताने भागलं असतं, तिसरा फुटला आणि खेळ संपला.

सिनेटच्या शंभरांत विधेयक पुढे न्यायला साठ मतं लागतात ना, असं कोणी विचारेल. लागतात. म्हणून तर त्यांनी अर्थसंकल्पाची आडवाट धरली, तिथे साधं बहुमत पुरतं. पण त्या वाटेने फक्त पैशाशी संबंधित कलमं नेता येतात. विम्याचे मूळ नियम त्या वाटेने उखडता येत नव्हते. म्हणजे झाड तोडायची परवानगीच नाही, फांद्या तेवढ्या छाटा.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, कारण खरं पाणी तिथे मुरतं.

आचऱ्याचे एक तांडेल माझ्याकडे येतात. पन्नाशी पार, साखर आहे, एकदा स्टेंट पडलेला. मी फॉर्म भरायला घेतला आणि "आधीपासूनचे आजार" हा रकाना आला की त्यांचा आवाज खाली. दुकानाबाहेर बघितल्यासारखं करत म्हणाले, "अण्णा, साखरेचा लिवू नकात." मी लिहिलं. लिहिलं नसतं तर क्लेमच्या दिवशी कंपनीने जुने रिपोर्ट शोधून काढले असते आणि मी तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नसतो. लिहिलं, तर त्या आजाराला प्रतीक्षा काळ लागला. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, आधी चार होता. तांडेलांनी मला विचारलं, "आजार आसा म्हणान तर विमो होयो, नायतर कशाक?"

याला कंपनीकडे एक उत्तर आहे आणि सरकारकडे दुसरं. कंपनी म्हणते, असं केलं तर सगळे आजारी पडल्यावरच पॉलिसी काढतील आणि मी बुडेन. २०१० च्या त्या कायद्याने सांगितलं, आजारी माणसाला नाकारायचं नाही आणि आजार बघून जादा हप्ताही लावायचा नाही. मग धडधाकट माणूस आत यावा म्हणून विम्याची सक्ती, न घेतल्यास दंड. सक्ती केली म्हणून गरिबाला आणि मध्यमवर्गाला अनुदान. आणि अगदी तळाशी मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी विमा योजनेचा, विस्तार. सगळं एकमेकांत गुंतलेलं. लोकांना सक्ती आवडत नव्हती, दंड तर अजिबात नाही. पण तांडेलांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्यांना हवं होतं, मत कोणालाही देत असले तरी. रिपब्लिकन सात वर्षं दंडाविरुद्ध बोलले आणि लोकांनी माना डोलावल्या. कायदा लिहायची वेळ आली तेव्हा कळलं की दंड काढला की बाकीचंही हलतं. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने हिशेब मांडला: प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या विधेयकाने २०२६ पर्यंत विमा नसलेल्यांत २ कोटी ३० लाखांची भर. हा आकडा पुढे प्रत्येक सभेत त्यांच्या मानगुटीवर बसला.

कोण पडलं ते पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

पॉलिसीवाले अण्णा (कणकवली)

हं, पुढे.

सुरंगीताई, तुमचे दीर न्यू जर्सीत, तर पहिलं नाव तिथलंच घ्या: टॉम मॅकआर्थर, प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन. राजकारणात यायच्या आधी विम्याच्या धंद्यातले मोठे अधिकारी. २०१७ च्या मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाचे सभापती पॉल रायन यांना मतं जमेनात म्हणून विधेयक मागे घ्यावं लागलं होतं. ते मेलेलं विधेयक या मॅकआर्थर यांनी एक दुरुस्ती सुचवून जिवंत केलं. दुरुस्ती काय, तर राज्यांना सूट मिळावी आणि ज्याचा विमा मध्येच खंडित झालाय त्याच्याकडून आजार बघून हप्ता घेता यावा. म्हणजे माझ्या तांडेलांसारख्यालाच धरलं. ४ मे २०१७ ला विधेयक २१७ विरुद्ध २१३ ने पास झालं, व्हाइट हाउसच्या बागेत सगळे हसत उभे राहिले. सिनेटमध्ये अजून काहीच झालेलं नव्हतं, लग्नाआधी बारशाचे पेढे.

पुढच्याच आठवड्यात मॅकआर्थर यांनी विलिंगबरोला सभा घेतली. ती जवळजवळ पाच तास चालली, आणि लोकांनी त्यांना फाडून खाल्लं. माणूस पाच तास उभा राहिला याचं मला कौतुक आहे, आपल्याकडे कोण राहील? पण २०१८ मध्ये अँडी किम नावाच्या नवख्या उमेदवाराकडून ते चार हजारांपेक्षा कमी मतांनी हरले. ते अँडी किम आज न्यू जर्सीचे सिनेटर आहेत.

दुसरे डीन हेलर, नेवाडाचे सिनेटर. त्यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती आपल्याकडच्या पुढाऱ्यांसारखी आहे. त्यांच्याच पक्षाचे राज्यपाल ब्रायन सँडोव्हाल यांनी नेवाडात मेडिकेड वाढवलेलं. जून २०१७ मध्ये हेलर त्यांच्या शेजारी उभे राहून म्हणाले, हे विधेयक मला मान्य नाही. जुलैत ट्रंप यांनी सिनेटरांना जेवायला बोलावलं, हेलरना शेजारी बसवलं आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाले, यांना सिनेटर राहायचंय ना? हेलर हसले. शेवटच्या मतदानात त्यांनी हडकुळ्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं. म्हणजे कायदा वाचवायला हवा म्हणणारे नाराज, आणि आधी विरोध केला म्हणून ट्रंपवालेही नाराज. २०१८ मध्ये जॅकी रोझेन यांनी हरवलं. त्या वर्षी आपली जागा गमावणारे ते एकमेव विद्यमान रिपब्लिकन सिनेटर.

गाववाल्यांनो, आणि उलटी गेलेली ती तीन माणसं? मॅकेन २०१८ च्या ऑगस्टमध्ये वारले. कॉलिन्स २०२० मध्ये पुन्हा निवडून आल्या, मर्कोव्स्की २०२२ मध्ये. पक्षाविरुद्ध गेल्या त्या टिकल्या, कुंपणावर बसले ते पडले.

एकूण २०१८ मध्ये डेमोक्रॅटांनी प्रतिनिधीगृहात निव्वळ ४० जागा जिंकल्या आणि सभागृह खेचून घेतलं. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता, तर दहातल्या चारांनी आरोग्य सांगितलं. स्थलांतर, अर्थव्यवस्था, सगळं त्याच्या मागे. त्याच दिवशी आयडाहो, युटा आणि नेब्रास्का या तीन कट्टर रिपब्लिकन राज्यांत लोकांनी थेट मतदानाने मेडिकेड वाढवून घेतलं. मेनच्या लोकांनी ते वर्षभर आधीच केलं होतं. रिपब्लिकन आमदार निवडायचे आणि ओबामाच्या कायद्याचा लाभही हाताने ओढून घ्यायचा, दोन्ही एकाच रांगेत उभं राहून. ही गंमत मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते.

मांडवी बंदर (रत्नागिरी)

अण्णा, लिहिता छान, पण तुम्ही विमाच विकणार.

राष्ट्राध्यक्षाची मुदत अर्ध्यावर असताना होणाऱ्या मध्यावधीत सत्ताधारी पडतातच, तो नियमच आहे. ओबामांनी हा कायदा २३ मार्च २०१० ला सही केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा घालवल्या. मग तेव्हा लोक कायद्याविरुद्ध होते आणि आठ वर्षांनी कायद्याच्या बाजूने, असं म्हणायचं का? आणि २०१८ मध्ये सिनेटमध्ये काय झालं ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. इंडियाना, मिसुरी, नॉर्थ डकोटा, फ्लोरिडा, चारही ठिकाणी कायदा वाचवायला मत देणारे डेमोक्रॅट पडले. रिपब्लिकनांचं सिनेटमधलं बळ वाढलं.

दुसरं, रद्द करा म्हणणारे सगळे काही दुष्ट नव्हते. आवडती पॉलिसी असेल तर ती तशीच ठेवता येईल, असं ओबामांनी सांगितलं होतं. २०१३ मध्ये लोकांच्या घरी पॉलिसी बंद झाल्याची पत्रं गेली. स्वतःचा छोटा धंदा असलेला, अनुदानाच्या रेषेच्या जरा वर कमावणारा माणूस पूर्ण हप्ता खिशातून भरत होता. २०१७ सालासाठी केंद्राच्या बाजारातल्या प्रमाण पॉलिसीचे हप्ते सरासरी २५ टक्क्यांनी चढले होते. त्या माणसाने "हे काढा" म्हटलं तर त्याचं काय चुकलं?

पॉलिसीवाले अण्णा (कणकवली)

बंदरवाले, त्या छोट्या धंदेवाल्याचं काहीच चुकलं नाही. त्याच्यावर अन्यायच झाला. अनुदानाची रेषा अशी होती की एक डॉलर जास्त कमावला की सगळं अनुदान गेलं. माझ्याकडे तसा माणूस आला असता तर मी पण त्याच्या बाजूने भांडलो असतो. पण २०१७ च्या एकाही विधेयकात, सगळ्या वयाच्या माणसांना धरून, त्याला नीट दिलासा नव्हता. पन्नाशी-साठीच्या माणसाचा हप्ता तर उलट वाढणार होता. विम्यात तरुणाचा हप्ता उतरवायचा सोपा उपाय एकच, म्हाताऱ्याचा चढवायचा.

२०१० आणि २०१८ चं मात्र मी तुमच्याच बाजूने वापरतो. दोन्ही वेळा लोक एकाच गोष्टीला घाबरले: आपल्याकडे आहे ते जाईल. २०१० मध्ये ओबामा हलवत होते म्हणून ते आपटले, २०१७ मध्ये ट्रंप हलवत होते म्हणून ते. इथल्या डेपोत एसटीची वेळ बदलली तरी लोक कंट्रोलरच्या खिडकीवर जातात, पूर्वीची वेळ किती गैरसोयीची होती ते कोणी आठवत नाही.

सिनेटचं तुम्ही म्हणता ते खरं. पण ती सिनेटची निवडणूक ऐकली का तुम्ही? मिसुरीचे जॉश हॉली हे राज्याचे महाधिवक्ता म्हणून ओबामाकेअर रद्द करा अशा न्यायालयीन दाव्यात सामील होते, आणि प्रचारात सांगत होते की आधीपासूनच्या आजारांचं संरक्षण मी करीन. वेस्ट व्हर्जिनियात, जिथे ट्रंप प्रचंड मताधिक्याने जिंकले होते, तिथे डेमोक्रॅट जो मॅंचिन यांनी जाहिरातीत त्या दाव्याच्या कागदांवर बंदुकीने गोळी झाडली आणि जागा राखली. २०१० ते २०१६ "रद्द करा" ही जिंकणारी घोषणा होती. २०१८ मध्ये ती घोषणा द्यायला रिपब्लिकन उमेदवारच तयार नव्हते. जागा येतात-जातात, पण पक्षाच्या तोंडातली घोषणाच गेली, हा फटका मी मोठा धरतो.

पॉल रायन यांनी एप्रिल २०१८ मध्येच सांगून टाकलं की मी पुन्हा उभा राहत नाही. वय ४८. सभापती असलेला माणूस.

सुरंगी (वेंगुर्ला)

बापरे, एवढं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अण्णा, सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, "उलटं कारण" ऐकून जरा रुसलेत. एक विचारते. तिथल्या अर्ध्या लोकांना ओबामाकेअर आणि "अफोर्डेबल केअर ॲक्ट" (कायद्याचं खरं नाव) एकच आहेत हेच माहीत नव्हतं, असं दीर म्हणाला होता. हे खरं की थाप?

पॉलिसीवाले अण्णा (कणकवली)

अर्धे नसतील, पण थाप नाही. केंटकी राज्याने आपल्या विमा बाजाराला "कायनेक्ट" असं नाव दिलं होतं. मुद्दामच, ओबामांचं नाव तिथे विकलं गेलं नसतं. लोकांना कायनेक्ट आवडायचं आणि ओबामाकेअरचा राग यायचा. २०१५ मध्ये मॅट बेविन हे रिपब्लिकन, सगळं मोडीत काढतो म्हणून राज्यपाल झाले आणि कायनेक्ट बंद केलं. २०१९ मध्ये हरले. अँडी बेशिअर आले, त्यांच्या काळात कायनेक्ट परत सुरू झालं.

आपल्याकडे पुढारी जास्त हुशार. २०१२ मध्ये काँग्रेस आघाडीच्या राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे, त्यात आपल्या कोकणातला रायगड होता. सरकार बदललं. नव्या सरकारने योजना रद्द केली नाही, २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना केली. योजना चालू, फोटो नवा. त्याच वर्षी अमेरिकेत एवढा मोठा पक्ष एका नावाशी डोकं आपटत होता, आणि आमच्या मंत्रालयात ते काम एका शासन निर्णयात झालं.

दिराचं एक लक्षात घ्या. नोकरीतून विमा असलेल्याला २०१७ मध्ये फारशी झळ बसणार नव्हती, आणि तिथे निम्म्याच्या आसपास लोकांचा विमा नोकरीतूनच असतो. त्याच्या ऑफिसात कोणी बोललंही नसेल.

तिलारीकाठ (दोडामार्ग)

आमच्याकडचं उदाहरण द्यायचं तर जानेवारी २०१८. गोव्याने बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. सिंधुदुर्गातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जाणारा, आम्हाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा बांबोळी जवळ. गोवा सरकारचं म्हणणं होतं की खर्च आम्ही करतो, आधी आमचे लोक. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण दोडामार्गात माणसं रस्त्यावर बसली ती शेजारच्या राज्यावर चिडून नव्हे, आपल्या सरकारवर: इतकी वर्षं तुम्ही जिल्ह्यात काय केलंत? तोवर हा प्रश्न प्रचारात कोणी घेत नव्हतं. शुल्क लागलं आणि सगळे पक्ष दोडामार्गाला यायला लागले.

बांद्याचो गाववालो

तिलारीवाले, बरोबर. तेव्हा आमच्या बांद्यातसूनय माणसां गेली होती.

अण्णा, एक शेवटचा. मगे आता ता ओबामाकेअर ऱ्हवला काय गेला? २०२५ सालात तकडे सरकार बंद पडला होता, ता ह्याच्यावरनाच मा?

पॉलिसीवाले अण्णा (कणकवली)

ऱ्हवला, पण पूर्वीइतका नाय. २०१७ च्या डिसेंबरात करकपातीच्या कायद्यात न घेणाऱ्याचा दंड शून्य केला, तो २०१९ पासून लागू झाला. माझ्यासारख्या विमावाल्यांना वाटलं आता बाजार कोसळणार. कोसळला नाही, कारण अनुदान होतं, आणि लोक दंडापेक्षा स्वस्त हप्त्यासाठीच आत आलेले होते. मग दंड नाही तर उरलेला कायदाही घटनाबाह्य, असा टेक्सासचा दावा गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ७-२ ने तो फेटाळला, तुम्हाला दावा लावायचा हक्कच नाही म्हणून. ही तिसरी खेप. २०१२ आणि २०१५ मध्येही कायदा तिथूनच वाचला होता.

बायडेन यांच्या काळात अनुदान वाढवलं आणि बंदरवाल्यांनी सांगितलेली ती रेषाही काढली. २०२५ सालासाठी बाजारातून विमा घेणारे २ कोटी ४० लाखांवर गेले, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. पण वाढीव अनुदानाची मुदत २०२५ अखेरपर्यंतच होती. सरकार बंद पडलं ते त्यावरूनच. डेमोक्रॅट म्हणाले, अनुदान चालू ठेवा तर खर्चाला मत देऊ. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस चाललं, इतकं लांबलेलं पहिलंच. शेवटी काही डेमोक्रॅटच फुटले आणि अनुदान न मिळता दारं उघडली.

त्याआधी ४ जुलै २०२५ ला ट्रंप यांनी सही केलेल्या मोठ्या विधेयकात मेडिकेडला जबर कात्री लागली. विधेयकाच्या नावात आरोग्याचा शब्द नाही, आणि ओबामाकेअर "रद्द" करतोय असं तर कोणी चुकूनही म्हणालं नाही. २०१७ पासून एवढं मात्र शिकले.

२०२५ च्या डिसेंबरात काही रिपब्लिकन खासदारांनी स्वतःच्या नेतृत्वाला न जुमानता, अनुदानावर मतदान घ्या अशा डेमोक्रॅटांच्या अर्जावर सह्या केल्या. त्यात पेनसिल्व्हेनियाचे ब्रायन फिट्झपॅट्रिक आहेत. मे २०१७ मध्ये ओबामाकेअर रद्द करण्याच्या विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्या वीस रिपब्लिकनांत हेच गृहस्थ होते, आणि २०१८ ला आजूबाजूचे पडत असताना त्यांनी आपली जागा राखली होती.